बंद पडलेलं जुवं पुन्हा नांदतं करताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मालवण तालुक्यातल्या एका खाडीत, एका जुव्यावर, बरीच वर्षं बंद पडलेलं एक रिसॉर्ट आहे. आम्ही गावातली काही माणसं मिळून ते पुन्हा उभं करतो आहोत. होडीत, बाजारात, लग्नात, अगदी तेराव्यालाही लोक तेच तेच विचारतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली. काही प्रश्न पर्यटकांचे आहेत, काही गावातल्यांचे, आणि बरेचसे ‘आमच्याही जागेत असंच करायचंय’ म्हणणाऱ्यांचे. क्रम असा काही लावलेला नाही.

जुवं म्हणजे काय? आणि नाव का सांगत नाही?

खाडीच्या पोटातलं लहान बेट म्हणजे जुवं. आमच्या जुव्याच्या मधोमध जांभ्याचा उंचवटा आहे, त्याच्या भोवती वाळू आणि माड, कडेनं चिखल आणि कांदळवन. सुकतीला ते चांगलं मोठं दिसतं, उधाणाच्या भरतीला अंग चोरून बसल्यासारखं.

नाव सांगत नाही, कारण इन्स्टाग्रामवर नाव गेलं की काय होतं ते आम्ही शेजारीच पाहिलंय. देवबागच्या संगमावर वाळूचा एक पट्टा वर आला. २००४ च्या त्सुनामीशी त्याचं नातं जोडलं गेलं आणि त्याचं नावच त्सुनामी आयलंड पडलं. आता हंगामात तिथे पाय ठेवायला जागा नसते. त्यात अनेकांची पोटं भरतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण एका विहिरीच्या जुव्याला तेवढी गर्दी झेपायची नाही. बुकिंग ठरलं की कुठल्या धक्क्यावर यायचं ते आम्ही कळवतो.

ते जुनं रिसॉर्ट बंद का पडलं?

लोक सांगतात ती कारणं तीन. मालकाचं कर्ज, कोर्टकचेरी आणि राखणदाराचा, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाचा, कोप. तिन्ही आपापल्या जागी असतील. पण आम्ही तिथली झाडी तोडून आत शिरलो तेव्हा जे दिसलं ते असं :

अठ्ठावीस खोल्या होत्या आणि विहीर एक. खोल्यांसमोर लॉन. कोकणात, मे महिन्यात, खाऱ्या वाऱ्यावर लॉन! ते जगवायला विहिरीवर मोठा पंप बसवला होता. दुसऱ्या उन्हाळ्यात पाणी मचूळ झालं, तिसऱ्यात गिऱ्हाइकं चहाची चव खारट लागते म्हणून भांडायला लागली. मग पलीकडून होडीनं ड्रम भरून पाणी आणायला सुरुवात झाली. जो धंदा पाणी विकत आणून लॉनला घालतो तो किती दिवस टिकणार?

दुसरं, बांधकाम. कडेच्या एका कॉटेजचा स्लॅब कोपऱ्यातून तुटून लोंबत होता. तुटलेल्या कडेत आख्खा शिंपला होता, नखाएवढा, पांढराशुभ्र. म्हणजे खाडीतली वाळू न धुताच काँक्रीटमध्ये घातली होती. मिठानं लोखंड गंजतं, गंजलेलं लोखंड फुगतं आणि फुगताना काँक्रीटला आतून फोडतं. सळई बोटानं चुरडली तर बिस्किटासारखे पापुद्रे निघत होते.

आणि तिसरं, ज्याबद्दल गावात अजून राग आहे. पूर्वी मासेमारीला जाणारे होडीवाले दुपारी या विहिरीवर पाणी प्यायला उतरत. रिसॉर्टनं विहिरीला जाळी ठोकून कुलूप लावलं. गावातले सहा जण तिथे कामाला होते, त्यांचा शेवटचा तीन महिन्यांचा पगार अजून यायचाय.

सगळं पाडून नवीन का नाही बांधलं?

पाडणं सोपं आहे, पाडलेलं नेणार कुठे? प्रत्येक घमेलं होडीत चढवायचं, पलीकडे उतरवायचं. म्हणून आम्ही आधी मोजदाद केली. उंचवट्यावरच्या तीन चिरेबंदी इमारती धडधाकट होत्या, फक्त वर सिमेंटचा गिलावा मारून त्यांचा श्वास कोंडलेला. त्या ठेवल्या. जेवणघराच्या भिंती ठेवल्या. पाण्याच्या कडेची कॉटेजेस पाडली, त्यांचा राबिट (राडारोडा) वाटांच्या खाली भरला.

छपरांवरचे जुने सिमेंटचे पत्रे हा मात्र वेगळा विषय आहे. ॲस्बेस्टॉसचे असतात, फोडले की धूळ फुप्फुसात जाते. ते ओले करून, न फोडता, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून उतरवायचे आणि घातक कचरा घेणाऱ्या अधिकृत ठिकाणीच द्यायचे. ‘गोठ्यावर घालतो, द्या ना’ म्हणून मागायला चार जण आले होते. दिले नाहीत.

आणि स्विमिंग पूल ठेवला. त्याची गंमत पुढच्या उत्तरात.

फक्त बारा पाहुणे? इतक्या जागेत चाळीस माणसं सहज राहतील.

राहतील, पण आंघोळ करणार नाहीत.

बेटावरची विहीर मुख्य जमिनीवरच्या विहिरीसारखी नसते. पावसाचं गोडं पाणी जमिनीत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, कारण ते हलकं असतं. हिशोब साधारण असा, की समुद्रसपाटीच्या वर एक फूट गोडं पाणी असेल तर त्याच्या खाली चाळीस फूट गोडं असतं. हा फायदा उलटाही फिरतो. पंप लावून वरची पातळी एक फूट खाली नेली की खालचं खारं पाणी कालांतरानं चाळीस फूट वर यायला बघतं. जुन्या मालकानं नेमकं तेच केलं.

आम्ही काम सुरू करायच्या आधी एक आख्खा मे महिना फक्त विहीर मोजली. काथ्याच्या दोराला हातहातभर अंतरावर गाठी मारल्या, टोकाला दगड. रोज सकाळी सुकतीला आणि संध्याकाळी भरतीला दोर सोडायचा, ओल्या गाठी मोजायच्या, वहीत लिहायचं. पोहऱ्यातलं पाणी जिभेवर घ्यायचं आणि खारेपणा मोजायच्या मीटरनंही बघायचं. (पंधराव्या दिवसापर्यंत आमच्या काकीची जीभ आणि मीटर यांच्यात मतभेद उरले नाहीत.) पंप बंद असल्यानं इतक्या वर्षांत विहीर पुन्हा गोडी झाली होती. दिवसाला हजार लिटर काढलं तर फेब्रुवारीअखेरपर्यंत पातळी हलत नाही. मार्चपासून मात्र हात आखडता घ्यायला हवा.

मग पूल कामी आला. बारा मीटर लांब, सहा मीटर रुंद, सरासरी एक मीटर चाळीस सेंटिमीटर खोल. म्हणजे जवळजवळ एक लाख लिटर. त्याच्या भेगा बुजवल्या, आतून साफ केला, वर वासे टाकून कौलांचं छप्पर घातलं. उजेड गेला की शेवाळ धरत नाही, जाळी लावली की डास जात नाहीत. आमच्या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. साठ चौरस मीटरच्या छपरावरून, उडालेलं-सांडलेलं वजा करून, सव्वा-दीड लाख लिटर पाणी येतं. जेवणघराचं एकच छप्पर पूल भरून टाकतं, पहिल्या पावसाचं पाणी सोडून दिलं तरी.

आता मार्च, एप्रिल, मे मिळून दिवस ब्याण्णव. बारा पाहुणे आणि आम्ही सहा जण, म्हणजे अठरा माणसं. माणशी साठ लिटर धरले तर दिवसाला एक हजार ऐंशी. ब्याण्णवनं गुणा. एक लाखाला सहाशे-साडेसहाशे कमी. बारा आकडा असा आला. तो आर्किटेक्टनं ठरवला नाही, बँकेनंही नाही.

आमच्याकडे ही रीत नवी नाही. सिंधुदुर्ग किल्ला १६६४ साली भर समुद्रातल्या कुरटे बेटावर बांधायला घेतला. त्या खडकावर दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आजही दाखवतात. चारी बाजूंना मीठ आणि मधे साखरबाव! बेटावर वस्ती करायची तर आधी बाव, मग भिंत.

साठ लिटरमध्ये भागतं का?

बादलीनं आंघोळ केली तर आरामात. शॉवर नाहीत. तांब्याचं तपेलं, बंब आणि न्हाणी आहे. नव्वद टक्के लोक दुसऱ्या दिवशी म्हणतात, बरं झालं. उरलेल्यांची आम्ही माफी मागतो.

हे सगळं सीआरझेडमध्ये बसतं का?

फोनवर सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात कमी ऐकून घेतला जाणारा प्रश्न.

सीआरझेड म्हणजे किनारा नियमन क्षेत्र, किनाऱ्यालगत काय करता येतं ते ठरवणारे नियम. त्याची पहिली अधिसूचना १९९१ ची, मग २०११ ची, मग २०१९ ची. २०१९ च्या अधिसूचनेत खाडीतल्या आणि किनाऱ्यालगतच्या बेटांसाठी वेगळी तरतूद आहे. भरतीरेषेपासून आत वीस मीटरचा पट्टा. त्या पट्ट्यात स्थानिकांच्या राहत्या घरांची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी करता येते, मासे सुकवायची जागा, जाळी विणायची जागा, होड्यांची दुरुस्ती अशा सोयी करता येतात. नवीन बांधकाम नाही. आणि अशा बेटांसाठी एकात्मिक व्यवस्थापन आराखडा करायचा असतो. आपल्या जागेला कुठला नकाशा लागू आहे, ते आधी बघायचं. नकाशा बघितल्याशिवाय नुसती अधिसूचना वाचून उड्या मारू नयेत.

जुन्या रिसॉर्टची कडेची कॉटेजेस त्या वीस मीटरमध्ये होती. ‘आधीपासून आहेत, दुरुस्ती दाखवा’ असा सल्ला आम्हाला फुकट आणि भरपूर मिळाला. पण ती कुणा स्थानिकाची घरं नव्हती. पाडली.

कांदळवन तर पहिल्या दर्जाचं संरक्षित. मुंबई उच्च न्यायालयानं २०१८ च्या निकालात कांदळवनाची तोड बंदच केली आणि भोवतीचा पन्नास मीटरचा पट्टाही राखायला सांगितला. ‘चिपीची दोन झाडं तोडली तर खोलीतून सूर्यास्त दिसेल’ हे वाक्य आमच्याकडे बोलायला बंदी आहे.

कागदाची वाट लांब आहे : ग्रामपंचायत, तहसील, किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण, धक्का नि होडीसाठी मेरीटाइम बोर्ड, सांडपाण्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळ. एजंट म्हणतो सगळं एका खिडकीत करून देतो. ती खिडकी आम्हाला तरी सापडली नाही.

खोल्या बांबूच्या का नाहीत? इको म्हणजे बांबू ना?

हा समज कुठून आला कोण जाणे. आमच्याकडे घर म्हणजे जांभ्याचा चिरा. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हवेवर कडक होत जातो. त्याला सिमेंटचा गिलावा मारला की आत ओल कोंडते, मीठ बाहेर येतं आणि गिलावा पोपडे धरून गळतो. आम्ही तो सगळा गिलावा छिन्नीनं उतरवला. आत चुन्याचा गिलावा केला, बाहेर चिरा उघडा ठेवला. चुना श्वास घेतो, ओल आली तरी वाळतो.

छपराला मंगळुरी कौलं. वासे फणसाचे आणि किंजळाचे, बरेचसे जुन्या मोडलेल्या घरांतले. पुढे पडवी, आत माजघराएवढी खोली, मागे न्हाणी. खळं (अंगण) शेणानं सारवलेलं. पावसाळ्याआधी पश्चिमेच्या बाजूला झापांचा, म्हणजे माडाच्या विणलेल्या झावळ्यांचा, आडोसा बांधतो, तो दरवर्षी नवा. झाप विणणाऱ्या बायका गावात आता तीनच उरल्यात, आणि तिघींचं म्हणणं, की मुली शिकायला येत नाहीत कारण पैसे नाहीत. आता पैसे आहेत. दोघी शिकतायत.

एसी नाही. मे महिन्यात मरायचं का?

मे महिन्यात आम्हीही घामाघूम असतो, खोटं कशाला सांगू. पण जुनं घर वाऱ्यावर बांधलेलं असे, ती युक्ती परत वापरली. दिवसा समुद्रावरून खारे वारे येतात, रात्री जमिनीवरून मतलई वारे जातात. जुन्या रिसॉर्टच्या खिडक्या दृश्याकडे तोंड करून होत्या, वाऱ्याकडे पाठ. आम्ही समोरासमोर खिडक्या फोडल्या, आढ्याखाली गरम हवेला वाट ठेवली. पंखे आहेत, सौर विजेवर चालतात. खाऱ्या हवेत पॅनलचे नटबोल्ट साधे लावू नका, वर्षात गंजतात. स्टेनलेसचेच घ्या, महाग पडले तरी.

रात्री दिवे खाली, मंद, पिवळे. मेअखेरीस काजवे दिसतात. प्रखर दिवा लावला की ते जातात.

संडासाचं काय केलंत?

हा प्रश्न लोक हळू आवाजात विचारतात. कशाला? आपल्या जिल्ह्याला तर त्याचा वारसा आहे. कोकणगांधी अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीजवळ १९४८ साली गोपुरी आश्रम काढला आणि मैल्यापासून सोनखत करणाऱ्या संडासांचे प्रयोग केले. माणसानं माणसाचा मैला वाहू नये आणि तो वायाही जाऊ नये, एवढं साधं.

जुन्या रिसॉर्टनं सेप्टिक टँक बांधले होते. जांभ्याला भोकं, भेगा. झिरपलेलं पाणी फिरून विहिरीकडे. बेटावर शोषखड्डासुद्धा घातकच, कारण खाली दोन-तीन मीटरवर पाणी. म्हणून आमचे संडास जमिनीच्या वर आहेत. चार पायऱ्या चढून जायचं, खाली चिऱ्याच्या दोन बंद कोठ्या, तळ पक्का. एक वापरात असते, दुसरी वर्षभर झाकलेली. दर वापरानंतर भुसा आणि पालापाचोळा टाकायचा. वास येतो का? भुसा टाकला तर नाही. न टाकणारा पाहुणा सगळ्यांना लगेच कळतो. वर्षानं निघतं ते मातीसारखं, ते माडांना घालतो, भाजीला नाही.

न्हाणीचं आणि स्वयंपाकघराचं पाणी खडीच्या वाफ्यातून कर्दळीत, तिथून केळीला आणि अळवाला.

गावाला काय मिळतं?

नोकऱ्या मिळतात हे उत्तर पुरेसं नाही. नोकऱ्या मागच्यानेही दिल्या होत्या.

आम्ही रापणीचा हिशोब उचलला. रापण माहीत नसेल त्यांच्यासाठी : होडीतून लांबलचक जाळं समुद्रात अर्धगोलात सोडतात, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणतात आणि माणसं दोन बाजूंनी ते ओढत आणतात. मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात. ओढणाऱ्यांचे, होडीचा, जाळ्याचा. पगार कुणालाच नाही आणि फुकटही कुणी नाही. मासळी नाही तर वाटा नाही, भरपूर आली तर सगळ्यांना भरपूर.

आमचेही तसेच वाटे आहेत. हाताचे, म्हणजे स्वयंपाक, सफाई, होडी, बाग. जमिनीचा. दुरुस्तीचा, ज्याला आम्ही ‘जाळ्याचा वाटा’च म्हणतो, कारण जाळं फाटतंच. आणि गावाचा. एक सुधारणा मात्र केली : हाताच्या वाट्याला खाली मर्यादा आहे. मंदी आली तरी ठरलेली रक्कम मिळतेच. दर अमावास्येला पडवीत वही उघडायची, कुणीही वाचावी.

भांडणं होतात का? होतात की. पहिलं मोठं भांडण होडीच्या वाट्यावरून झालं, दुसरं मुंबईहून येऊन चार दिवस राहणारे भाऊबंद पाहुणे की घरचे यावरून. दुसरं अजून मिटलेलं नाही.

जमीन विकत घेतली का?

नाही. सातबाऱ्यावर सत्तावीस नावं आहेत, अर्धी मुंबईत, काही हयात नाहीत, वारसनोंदी व्हायच्या. कोकणात जमीन घेणं म्हणजे काय ते ज्यानं केलंय त्याला विचारा. आम्ही भाडेपट्टा केला आणि जमिनीचा वाटा त्या सगळ्यांना नावनिशीवार ठेवला. ज्यांची सही मिळायला सर्वांत वेळ लागला त्या आजी दादरला राहतात. त्यांची अट एकच होती, विहिरीचं कुलूप काढायचं.

राखणदाराचं स्थान आहे म्हणतात. पाहुण्यांना दाखवता का?

आहे. उंडीच्या जुन्या झाडाखाली एक दगड. जुन्या मालकानं त्याला कुंपणाच्या आत घेतलं, पायाशी एलईडी लावले आणि गावाला वर्षाची राखण द्यायला यायचं तर आधी फोन करायला सांगितलं. गावातल्या एका म्हाताऱ्यानं तेव्हाच म्हटलं होतं, “ह्येका देवाची भीती नाय ती नाय, माणसांची तरी होई.”

आता कुंपण नाही. गाऱ्हाणं (देवापुढचं मागणं) घालायचं तेव्हा मानकरी येतात, गाऱ्हाणं घालतात, ‘व्हय म्हाराजा’ होतं, नारळ ठेवतात, जातात. त्या वेळी पाहुण्यांनी पडवीत बसावं. फोटो नाही. कार्यक्रमपत्रिकेत तो दिवस छापलेला नाही.

दशावताराचंही तेच. खोलीसमोर तासाभराचा ‘कल्चरल शो’ करा म्हणून मागणी येते. नाही करत. जत्रांचा हंगाम असतो, गावोगावी रात्रभर नाटक रंगतं. तुम्ही त्या दिवसांत आलात तर होडीनं पलीकडे नेतो. खाली बसायचं, शेंगदाणे खायचे, झोप आली तर पेंगायचं. नाटकातला संकासुर राक्षस आला की कुणीतरी उठवतंच.

जेवायला काय?

खाडीनं दिलं ते. काळुंदर, शेंगटी, तांबोशी, मुळे, कालवं, कुर्ल्या. सुरमई रोज मिळेल असं गृहीत धरू नका. अंड्यांवर आलेली कुर्ली परत खाडीत जाते, कितीही भूक लागली तरी. सकाळी घावणे किंवा आंबोळी, उकड्या तांदळाची पेज. शाकाहारींना काळ्या वाटाण्याची उसळ, कुळथाची पिठी, फणसाची भाजी, सोलकढी. पनीर नाही.

चेक-इन किती वाजता?

भरती विचारून. सुकतीला धक्क्यापुढे मोठा चिखल उघडा पडतो, होडी लागत नाही. जुन्या मालकानं यावर उपाय म्हणून काँक्रीटचा लांब धक्का खाडीत घुसवला, त्यामागे गाळ साचत गेला आणि धक्काच कोरडा पडला. आम्ही उपाय केलेला नाही. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, त्याप्रमाणे तुमची वेळ ठरते. मुंबईहून रात्रभर गाडी चालवून आलेल्यांना कधीकधी पलीकडच्या चहाच्या टपरीवर दोन तास बसावं लागतं. टपरीवाला खूश आहे.

दारू, डीजे, ड्रोन?

नाही, नाही, नाही. वायफाय पण नाही. मोबाइलला रेंज उंडीच्या झाडाच्या पूर्वेला दोन पावलांवर येते.

दिवसभर करायचं काय मग?

कांदळवनात होडी. मोटर नाही, वल्ही. चिपी, तिवर, कांदळ ओळखायला शिकाल, चिखलातून वर आलेली श्वासमुळं बघाल, नशीब असेल तर पाणमांजराचं कुटुंब. या धंद्यात आमच्या आधी वाट पाडली ती वेंगुर्ल्याच्या बायकांनी. मांडवी खाडीत स्वामिनी बचत गट २०१७ पासून स्वतः वल्ही मारून कांदळवन सफर घडवतोय. आमच्या दोन मुली त्यांच्याकडे जाऊन बघून आल्या. त्याच्याही आधीचं उदाहरण रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावाचं. तिथे २००२ पासून कासवांची घरटी राखली गेली आणि बघायला येणारे लोक गावातल्याच घरांत राहू लागले. हॉटेल उभं न करता गाव चालतं हे आम्ही तिथे जाऊन पाहिलं.

याशिवाय जाळं विणायला बसा, झाप विणून बघा, किंवा काहीच करू नका. काहीच न करणं लोकांना दुसऱ्या दिवसापासून जमायला लागतं.

पावसाळ्यात चालू असतं का?

नाही. मेअखेरीला पाहुणे बंद. प्रवासी होड्यांना बंदी लागते, जून-जुलैत यांत्रिक होड्यांची मासेमारीही बंद असते. खाडी तांबडी होते, ओंडके वाहत येतात. दोघे आळीपाळीनं जुव्यावर राहतात, पन्हळी साफ ठेवतात, पूल भरतोय का बघतात. लोक म्हणतात, कोकणातला पाऊस विका, चांगला खपतो. खपेल. पण आमच्याकडे आचऱ्याला आख्खा गाव काही वर्षांनी तीन दिवस गुरंढोरं घेऊन वेशीबाहेर राहायला जातो. गावपळण. गाव रिकामा ठेवायचा असतो, हे आम्हाला कुणी शिकवायला नको.

वादळ आलं तर?

२०२० च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळ आलं ते उत्तरेला, रायगडात. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते मात्र आमच्या अंगावरून गेलं. जुन्या रिसॉर्टचे पत्रे आम्हाला खाडीपलीकडे माडाच्या शेंड्यात अडकलेले सापडले. कौलंही उडतात, पण उडालेलं कौल माणूस कापत नाही, आणि चार दिवसांत परत शाकारता येतं. खालच्या दोन ओळी आम्ही तारेनं बांधतो. जेवणघराच्या मागची एक खोली मुद्दाम स्लॅबची ठेवलीय, अठरा माणसं बसतील एवढी. इशारा आला की पाहुण्यांना आधीच्या भरतीला पलीकडे नेतो, पैसे परत.

आमचीही अशी जागा आहे. सुरुवात कुठून करू?

एक मे महिना काही बांधू नका. विहीर मोजा. ओहोटीला आणि भरतीला जागेला चक्कर मारा, कोण कोण तिथून येतं-जातं, कुणाची वाट आहे, कोण पाणी भरतं, कोण कालवं काढतं ते लिहा. ती माणसं तुमच्या नकाशात आली पाहिजेत. मग आर्किटेक्टला बोलवा आणि त्याला वही द्या.

हेही बंद पडलं तर?

पडू शकतं. म्हणून प्रत्येक बुकिंगमधले थोडे पैसे वेगळ्या खात्यात जातात, ते फक्त आवराआवरीसाठी. सौर पॅनल आणि बॅटऱ्या काढून पलीकडे न्यायच्या. संडासांच्या कोठ्या रिकाम्या करून उघड्या करायच्या. चिरे चुन्यात बसवलेत, ते निघतात. आमच्याकडे जुनं घर मोडलं की त्याची कौलं, वासे, दारं, चिरे गावात कुणाकुणाच्या घराला लागतातच, आमच्या खोल्यांत तसेच आलेत, तसेच जातील. भाडेपट्ट्यात हे सगळं लिहिलंय, दादरच्या आजींनी दोनदा वाचून घेतलं.

विहिरीचा गाळ उपसायचा, कठडा नीट करायचा, दोर आणि कळशी तिथेच ठेवून यायचं. दुपारी होडीवाले उतरतात.